आलं का?

रविवारी सकाळी उठले तर जेवणाच्या टेबलावर आठ झेरॉक्सचा गठ्ठा आणि त्यावर चार कॉफीच्या गोळ्या. खिडकीतून पावसाळी वारा येत होता, म्हणून आईनं वजन म्हणून ठेवल्या असतील असं आधी वाटलं. पण चार गोळ्यांनी कागद उडायचे काय थांबतात? खालच्या झेरॉक्सवाल्याकडे सुटे नसले की तो गोळ्या देतो. आईला गोड चालत नाही, म्हणजे त्या माझ्यासाठी. दोन रुपयांना एक, आठांचे सोळा, विसातून उरले चार. हिशोब बसला. बसलं नाही ते एवढंच, की त्याच कागदासाठी मी शनिवारी संध्याकाळी सहापासून आमच्या प्रिंटरशी झगडत होते, रात्री पावणेएकला तो एकदाचा सुरू केला होता, आणि या झेरॉक्स त्याच्या कितीतरी आधी होऊन, कोपऱ्याला कोपरा जुळवून तयार होत्या. आई कधी गेली, कधी आली, मला पत्ता नाही. डोक्याला ताण दिल्यावर आठवलं. साडेआठच्या सुमाराला "जरा खाली जाऊन येते गं" असं काहीतरी कानावर पडलं होतं आणि मी स्क्रीनवरून मान न वळवता "हं" म्हटलं होतं.

गोळ्या मी खाल्ल्या नाहीत. बरेच दिवस त्या किल्ल्यांच्या वाडग्यात पडून होत्या.

आई निवृत्त शिक्षिका. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी तिची सगळी नोकरी झाली, आणि बाबा गेल्यावर ती पुण्याला माझ्याकडे आली ती येताना फळा नाही आणला एवढंच. दोन महिन्यांत तिनं सोसायटीतून आठ मुलं गोळा केली. वॉचमनची दोन, पोळ्यांच्या मावशींची मुलगी, इस्त्रीवाल्याचा नातू, अशी. रविवारी आठला ती येतात, हॉलमध्ये सतरंजीवर बसतात, आणि प्रत्येकाला आई एक सरावाचा कागद देते. वर 'नाव' आणि 'इयत्ता', मग पाच गणितं, दहा शब्दांचं शुद्धलेखन, खाली एक चित्र रंगवायला. हे कागद ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर टाइप करते. त्यावर मी विंडोज काढून लिनक्स ही दुसरी, खुली कार्यप्रणाली घालून दिलीय, कारण विंडोजखाली तो लॅपटॉप चढावर बैलगाडी जावी तसा चालायचा. आईला लिनक्स म्हणजे काय याच्याशी काही घेणं नाही. तिच्या दृष्टीनं एक चौकोन दाबला की लिहायचा कागद उघडतो, आणि प्रिंटरचं चित्र दाबलं की शेजारच्या खोलीतला प्रिंटर घुरघुरतो आणि कागद येतो. चार वर्षं हे असंच चाललं होतं. प्रिंटर लेझर, काळापांढरा, एका मोठ्या कंपनीचा, पंधराएक वर्षांपूर्वी घेतलेला. पावसाळ्यात कागद दमट झाला की दोन-दोन ओढतो, बाकी तक्रार नाही.

त्या जूनमध्ये मी लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. कुणी सांगितलं नव्हतं. चांगलं चाललेलं असलं की माझा हात शिवशिवतो.

शनिवारी आईनं नेहमीसारखं चित्र दाबलं. काही झालं नाही. तिनं पुन्हा दाबलं. मग मी पाहिलं. यूएसबीवर कोणकोण जोडलेलं आहे ते विचारलं तर प्रिंटरचं नाव नीट, कंपनीसकट आलं. रांगा, म्हणजे छापायची कामं जिथे प्रिंटरची वाट बघत थांबतात त्या, पाहिल्या तर एकाच प्रिंटरच्या दोन: एक जुनी, आणि एक नव्या आवृत्तीनं आपल्या मनानं तयार केलेली, तेच नाव, पुढे शेपटीला 'दोन'. नव्या रांगेत मी चाचणीचं पान सोडलं. पडद्यावर 'छपाई चालू' आलं, टक्केवारी शंभरावर गेली, आणि मग हिरव्या खुणेसह 'पूर्ण'. प्रिंटर ढिम्म. ट्रेमध्ये कागद जसाच्या तसा. पुन्हा सोडलं. पुन्हा 'पूर्ण'. चूक दाखवली असती तर मला काही वाटलं नसतं; चुकीचा निदान माग काढता येतो. पण समोर कोरा ट्रे आणि यंत्र शांतपणे सांगतंय की काम झालं, याला काय करणार?

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "आलं का?"

"येतंय," मी म्हटलं.

हे "आलं का?" त्या संध्याकाळी साधारण दर पाऊण तासानं येत राहिलं, आणि प्रत्येक वेळी मला ते लहानपणचं वाटत राहिलं. शाळेत तेव्हा सायक्लोस्टाइल होतं. सहामाहीच्या पेपरांच्या आधी शाळा सुटल्यावर आई थांबायची, आणि घरी कुणी नसल्यामुळे मीही. कचेरीच्या मागच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतलेल्या, पंखा बंद, कारण कागद उडतील. आई मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लोखंडी लेखणीनं प्रश्न कोरायची. बोटाचा जोर जरा जास्त झाला की 'ठ'चं पोट फाटायचं, आणि कमी झाला तर ओळ उमटायचीच नाही. चुकलं तर एका छोट्या बाटलीतलं गुलाबी औषध ब्रशनं लावायचं, त्याचा नेलपॉलिशसारखा वास, फुंकर मारून वाळवायचं, वर पुन्हा लिहायचं. मग शिपाईमामा ती स्टेन्सिल ड्रमवर चढवायचे आणि हँडल फिरवायला लागायचे. खर्र-थप, खर्र-थप. पहिले आठ-दहा कागद फिकट, डागाळलेले. ते बाजूला, नंतर जाळायला, कारण पेपर गुप्त. मला व्हरांड्यात बसवलेलं असायचं, कारण मीही त्याच शाळेत. दाराला कान लावून मी आवाज मोजायचे, आणि मध्येच आवाज थांबला की आत आई विचारायची, "आलं का?" आणि मामा म्हणायचे, "येतंय बाई, शाई धरना."

घरी परत जाताना आईच्या करंगळीपासून मनगटापर्यंत काळं असायचं. रॉकेलच्या फडक्यानं ती पुसायची, आणि त्या दिवशीच्या भाताला मला रॉकेलचा वास यायचा. खरंच यायचा की नाही कोण जाणे.

सायक्लोस्टाइलमध्ये काय बिघडलंय ते दिसायचं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. शाई कमी, स्टेन्सिलला सुरकुती, कागद ओला. मामांना न शिकता कळायचं. लिनक्सवरच्या छपाईत ते दिसण्याची सोय आहे, पण त्यासाठी यंत्राला बोलतं करावं लागतं. छपाईचं सगळं काम कप्स नावाची एक यंत्रणा बघते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, म्हणजे 'हाच संगणक', आणि पुढे ६३१ टाकलं की तिचं कार्यालयच उघडतं: कोणत्या रांगा, कोणती कामं, कोण थांबलंय. तिचा लॉग, म्हणजे कामाची रोजनिशी, सविस्तर करायचा हुकूम दिला की एका पानाच्या छपाईला ती शेकड्यानं ओळी लिहिते. त्या वाचल्यावर कळतं की आईचा कागद थेट प्रिंटरकडे जातच नाही. एक गाळणी त्याचं पीडीएफ करते, दुसरी त्याचे ठिपके करते, तिसरी ते ठिपके त्या विशिष्ट प्रिंटरच्या बोलीत घालते, आणि शेवटचा एक जण ते यूएसबीच्या तारेत ढकलतो. प्रत्येक जण पुढच्याच्या हातात देतो आणि आपल्यापुरतं 'झालं' म्हणतो. आमच्या तालुक्याच्या कचेरीतली जावकची नोंदवही आठवली. कागदाला जावक क्रमांक पडला की बाबूच्या लेखी काम संपलं. तो पोचला का, कुणी उघडला का, हे जावकच्या वहीत नसतं. माझ्या पडद्यावरचं 'पूर्ण' हे जावक क्रमांकाएवढंच खरं होतं.

साडेनऊला नवऱ्यानं डोकावून "नवा घेऊन टाकू ना" म्हटलं. त्याचं बरोबर होतं. हल्लीच्या बऱ्याचशा प्रिंटरांना ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषा प्रोग्राम, असा वेगळा लागतच नाही, संगणक आणि प्रिंटर एकमेकांशी ठरलेल्या भाषेत बोलतात आणि दोन मिनिटांत काम होतं. पण त्या वेळी त्याचं बरोबर असणं मला नको होतं. मी त्याला सांगितलं की प्रिंटर ठणठणीत आहे, प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे. हे म्हणताना माझ्या आवाजात आलेला एक चढेल सूर मला स्वतःलाच ऐकू आला. लिनक्स वापरणाऱ्या आमच्यासारख्या माणसांत हा असतोच. आम्ही अडचणीला अडचण म्हणत नाही, कोडं म्हणतो. आणि एकदा कोडं म्हटलं की घरात कोण कशासाठी थांबलंय याचा विसर पडायला आपण मोकळे.

कोडं सोडवताना माणूस भरकटतो, तशी मीही भरकटले. कप्स लिहायला मायकल स्वीट नावाच्या माणसानं १९९७मध्ये सुरुवात केली, पहिली आवृत्ती १९९९ची. पुढे अॅपलनं तेच आपल्या संगणकांत घेतलं, २००७मध्ये विकतही घेतलं, म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधल्या चकचकीत मॅकवरून निघणारं पानही याच रस्त्यानं जातं. हे वाचून मला उगाच बरं वाटलं. मग लिनक्सच्या गाभ्यातला एक जुना संदेश पुन्हा एकदा भेटला: 'एलपी झीरो ऑन फायर'. जुन्या पॅरलल पोर्टच्या प्रिंटरसाठीच्या कोडमध्ये तो आहे. प्रिंटर तक्रार करतोय, पण कागद संपलेला नाही आणि तो ऑफलाइनही नाही. मग उरलं काय, तर पेटला असेल. हे मी हसत हसत आईला जाऊन सांगितलं. ती पलंगावर चष्मा लावून बसली होती, मांडीवर पुठ्ठा, त्यावर कागद, हातात काळं पेन. मान वर करून तिनं विचारलं, "मग आपला पेटलाय का?" मी म्हटलं, "नाही गं, गंमत." "बरं," ती म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली. काय लिहितेयस, हे मी विचारलं नाही. तेव्हा आठ वाजायचे होते. वर मी नवऱ्याचं साडेनऊचं आधी सांगून बसले, कारण त्या रात्रीची क्रमवारी माझ्या डोक्यात अशीच लागते: माझ्या कामाची आधी, आईची नंतर.

आणि मग अर्थातच रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरची गोष्ट. लिनक्सवाल्यांत ती कुणाला ठाऊक नाही असं नाही, पण त्या रात्री ती वेगळी वाटली. १९८०च्या सुमाराची गोष्ट, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाची कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा. प्रिंटर एकीकडे, माणसं दुसरीकडे. आधीच्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर हाताशी होतं, त्यामुळे स्टॉलमननं त्यात एक सोय केलेली होती. कागद अडकला की ज्यांची ज्यांची पानं रांगेत आहेत त्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा, आणि कुणीतरी उठून अडकलेला कागद काढायचं. मग झेरॉक्स कंपनीनं नवा, झकास लेझर प्रिंटर भेट दिला, पण त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर काही दिला नाही. तोही अडकायचाच. माणसं पान घ्यायला जायची तर प्रिंटर केव्हाचा थांबलेला. तो मजकूर दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसाकडे आहे असं कळल्यावर स्टॉलमननं त्याच्याकडे मागितला. तो म्हणाला, मी न देण्याचं वचन दिलंय. हे त्याला जे लागलं ते लागलंच. १९८३मध्ये त्यानं कुणालाही वाचता-बदलता येईल अशा सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि आज मी ज्याला लिनक्स म्हणते त्याचा मोठा भाग त्यातून आलेला आहे. ही गोष्ट नेहमी स्वातंत्र्याची म्हणून सांगतात. मला त्या रात्री ती निरोपाची वाटली. त्या माणसाची मूळ मागणी केवढी होती? अडकलं असलं तर सांगा, एवढीच. आणि चाळीसहून जास्त वर्षांनी मी त्याच घराण्यातली यंत्रणा घेऊन बसले होते आणि ती मला सांगत होती, 'पूर्ण'.

खाली आई ज्या दुकानात गेली होती त्यालाही आपण झेरॉक्सच म्हणतो, हे माझ्या आता लिहिताना लक्षात आलं.

कारण सापडलं ते बाराच्या पुढे, आणि सापडल्यावर त्याचा रागही आला नाही इतकं ते साधं होतं. आमच्या प्रिंटरच्या जातीत एक खोड आहे. स्वस्त पडावा म्हणून त्याच्यात कायमची अशी बुद्धी ठेवलेलीच नाही. बटण दाबून चालू केला की त्याला फक्त आपलं नाव सांगता येतं. बाकी छापायचं कसं, कागद कधी ओढायचा, हे शहाणपण, म्हणजे फर्मवेअर, दर वेळी संगणकानं त्याला तारेतून पाजावं लागतं. वीज गेली की तो सगळं विसरतो. चार वर्षं लॅपटॉप हे काम गुपचूप करत होता, आणि आईला ऐकू येणारी ती पहिली घुरघुर म्हणजे प्रिंटर शहाणा झाल्याची खूण होती. आता ड्रायव्हर खुला आहे, कुणीही वाचावा. पण हा फर्मवेअरचा तुकडा कंपनीचा, बंद पेटीतला, वेगळा उतरवून घ्यावा लागतो आणि तो ड्रायव्हरच्याच आवृत्तीचा लागतो. मी नवी आवृत्ती चढवली, ड्रायव्हर नवा आला, पेटी जुनीच राहिली. त्यामुळे जुन्या रांगेची गाळणी तोंडघशी पडली, 'फिल्टर फेल्ड' म्हणून कप्सनं ती रांगच थांबवून ठेवली. आणि नवी रांग ठिपके इमानानं तारेत ढकलत राहिली, पलीकडे ते कशाचे हे कळणारं कुणी नसताना. प्रिंटरला तर अडचण सांगण्याएवढीही बुद्धी मिळालेली नव्हती. मी नवी पेटी उतरवली, करार न वाचता मान्य केला (स्टॉलमनची मनोमन माफी मागून), प्रिंटर बंद करून चालू केला.

दिवे दोनदा लुकलुकले. मग घुर्रर्र.

मला इतका आनंद झाला की मी अंधारात एकटीच हात वर केले. चाचणीचं पान आलं, गरम, कडेला जरासं वळलेलं, तो टोनरचा भाजका वास. मग रांगा नीट करायच्या म्हणून जुनी, थांबलेली रांग मी पुन्हा चालू केली. तिच्यात काय साठलंय हे पाहायचं मला सुचलं नाही. प्रिंटरनं श्वास घेतला आणि कागद सोडायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. रात्री पावणेएकला तो आवाज रहाटाएवढा मोठा वाटत होता. आईनं संध्याकाळपासून सात वेळा ते चित्र दाबलं होतं. मला फक्त दोनदा माहीत होतं. माझं लक्ष नसताना, मी चहा करायला उठले असताना, ती येऊन आणखी दाबून गेली असणार, आता तरी येईल म्हणून. सातही कागद ओळीनं बाहेर आले. आई झोपेतून उठून दारात आली, अंबाड्याचा सैल पेड खांद्यावर, चष्मा नाही. तिनं कागद उचलले, टेबलावर टकटक आपटून सारखे केले, एक डोळ्यांजवळ धरून पाहिला. "छान आलंय," म्हणाली. "झोप आता." आणि दिवा घालवून गेली. तेव्हा झेरॉक्सचा गठ्ठा त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. अंधारात मला दिसला नाही. तिला तर तो तिथे आहे हे माहीत होतं.

सकाळी मुलं आली. आईनं त्यांना झेरॉक्स वाटल्या. तिच्या हाताचं ते अक्षर, स्टेन्सिलवरचं: प्रत्येक काना सरळ, 'ठ'ला पोट, ओळींमध्ये बोट मावेल एवढी जागा, खाली चित्राऐवजी तिनंच काढलेली छत्री. लेझरवरचे सात कागद कपाटावर तसेच. मी स्वयंपाकघरातून खुणेनं विचारलं, ते का नाही? ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "अगं सातच आहेत. एकाला कमी पडला असता." आठवा काढायला मला दहा सेकंद लागली असती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. ती छत्री दाखवायला वळली. मुलं छत्री रंगवत बसली आणि मी पोह्यांवर खोबरं घालत उभी राहिले. लाज वाटली का? वाटली थोडी. पण खरं सांगायचं तर राग जास्त आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. सहा तास मी तिच्यासाठी बसले होते की. नव्हते का?

पुढच्या शनिवारी मला भरपाई करायची होती. तिनं शुद्धलेखनाचे शब्द वहीत काढून ठेवले होते. मी म्हटलं, दे, तुला टाइप करून एका ओळीच्या हुकमावर छापून देते, कागद उघडायलासुद्धा नको. साध्या मजकुराची फाइल केली आणि टर्मिनलमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, थेट छपाईला सोडली. घुर्रर्र झालं, कागद आला, मी न पाहताच तिच्या हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मग पलंगाकडून लाल पेन घेऊन आली. साधा मजकूर थेट सोडला की कप्सची ती गाळणी अक्षरं मण्यांसारखी एकापुढे एक ओवते, देवनागरीची जोडणी तिला येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडलेली, जोडाक्षरं पाय मोडून वेगळी उभी, रफार डोक्यावर चढायचा सोडून शेजारी येऊन बसलेला. 'विद्यार्थी' हा शब्द तर रेल्वे अपघातासारखा दिसत होता. लिब्रेऑफिसमधून छापताना हे होत नाही, कारण तिथे हार्फबझ नावाचं एक साधन अक्षरांची जुळणी आधीच करून देतं. हे मी आईला समजावून सांगायला लागले, की संगणकाच्या पोटात 'वि' लिहिताना आधी 'व' असतो आणि वेलांटी नंतर, कागदावर मात्र ती आधी काढावी लागते. तिनं लाल पेन न थांबवता विचारलं, "म्हणजे ऐकू येतं तसं?" मी म्हटलं, हो, तसंच म्हण. "पहिलीतली मुलं असंच करतात. 'वि' ऐकलं की आधी व काढतात, मग जागा उरेल तिथे वेलांटी." शाळेतल्या मराठी टाइपरायटरवर वेलांटी आधी दाबावी लागायची, ते तिला नीट आठवत होतं, कचेरीतला नवा कारकून पहिले दोन महिने त्यात चुकायचा म्हणे. कागद तिनं परत दिला. दहा शब्दांपैकी साधे तीन बरोबर होते. वर उजव्या कोपऱ्यात गोल करून लिहिलं होतं, ३/१०. खाली: 'वेलांटीकडे लक्ष द्यावे.'

तो कागद मी प्रिंटरच्या वर भिंतीला चिकटवलाय. लेझरचे ते सात कागद पाठकोरे म्हणून कधीच संपले. त्यांच्या मागे आईनं वाणसामानाच्या याद्या केल्या, आणि एकदा दुकानात तूरडाळ, पोहे, शेंगदाणे वाचून दाखवताना मागून मला 'इयत्ता' दिसलं.

त्यानंतर मी एक काम केलं ते मात्र मला आवडलेलं आहे. वीसेक ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिला. तो दर मिनिटाला रांगांवर नजर टाकतो, एखादं काम तीन मिनिटांच्या वर रेंगाळलं, किंवा प्रिंटर चालू होऊनही फर्मवेअर गेलं नाही, तर आईच्या फोनवर निरोप पाठवतो. पहिल्यांदा मी निरोप लिहिला होता, 'आई, अडकलंय.' चाचणी म्हणून पाठवला. आतून आवाज आला, "'अडकले आहे' लिही. लेखी आहे ते." मी बदलून दिलं. श्रावणात एका शनिवारी दमट कागद खरोखरच अडकला आणि निरोप खराच गेला. मी ऑफिसच्या कॉलवर होते. कॉल संपवून बाहेर आले तर आई झाकण उघडून, चुरगळलेला कागद दोन बोटांनी अलगद ओढून काढत होती, मामा काढायचे तसा, तिरका न करता. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "बघ, मिळाला ना निरोप?"

"फोन आत चार्जिंगला आहे," ती म्हणाली.

"मग कळलं कसं?"

"आवाज थांबला की कळतंच की. त्यात काय." तिनं झाकण लावलं. प्रिंटर घुरघुरला, कागद आला. ती तो हातात घेऊन वेलांट्या तपासायला लागली.

मला ती जूनची रात्र एकदम समोर आली. पहिल्यांदा चित्र दाबल्यावर घुरघुर झाली नव्हती, तेव्हाच तिला कळलं असणार. सहा वाजताच.

"म्हणजे त्या दिवशी पण तुला माहीत होतं, येत नाहीये ते? मग 'आलं का, आलं का' कशाला विचारत होतीस?"

"तू आत एकटी बसली होतीस ना," आई म्हणाली आणि पुढचा कागद घेतला.